दुसऱ्या शिफ्टचे मणी

आमच्या घरात चांदी काळी पाडतात. दिवाळी आली की लोक चिंच लावून, राख लावून भांडी उजळतात. आमच्याकडे सगळं उलटं. लेक नवीकोरी पांढरीशुभ्र चांदी गंधकाच्या पाण्यात बुडवते आणि ती काळीनिळी झाली की हरखते. पहिल्यांदा तिनं हा उद्योग स्वयंपाकघरात केला तेव्हा श्रावण चालू होता. ते पाणी गरम झालं की नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला, "वहिनी, श्रावणात अंडी?" मी काही बोलायच्या आत गॅस गळतोय म्हणून वॉचमननं अख्ख्या इमारतीची पाइपलाइन बंद केली. त्या दिवशी आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत कुणाच्याच पोळ्या वेळेवर झाल्या नाहीत. सेक्रेटरी दारात आले तेव्हा लेकीनं चिमट्यात धरलेलं चांदीचं वटवाघूळ त्यांच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"कानातलं आहे काका. दुसरं अजून वाळतंय."

त्यांनी वटवाघळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहिनी, हिचं लग्नाचं बघा आता," म्हणाले आणि जिना उतरून गेले. तेव्हापासून हे काम गॅलरीत चालतं, वारा कुठून आहे ते बघून.

मी फार कमी बोलते. आमच्या नात्यात त्याचं कौतुकच आहे. 'सोसलं पण कधी तोंड उघडलं नाही,' असं बायका माझ्याबद्दल बोलतात आणि मी खाली मान घालते. त्यांना वाटतं तो विनय आहे. खरं तर मला सांगायची लाज वाटेल असं काही पोटात होतं, म्हणून तोंड बंद होतं. गेल्या पावसाळ्यात एका परक्या मुलीपुढे ते बोलून गेले. आता बोललेच आहे, तर नीट लिहूनच टाकते.

लेक चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला आहे. गाड्यांच्या दारांच्या मुठी काढते. शनिवार-रविवार मात्र वटवाघळं, पतंग, कवट्या, सुकलेले गुलाब, सगळं काळ्या चांदीत. हे वेड तिला कवितांनी लावलं. परदेशातले कुणी जुने कवी, त्यांना कुजलेलं तेवढं सुंदर दिसायचं. आजारी चंद्र, कबरीवरची फुलं, असलं. ती मला वाचून दाखवायची आणि आपल्या भाषेत सांगायची. ते म्हणे संध्याकाळी एक हिरवी दारू घेऊन बसायचे, ॲबसिंथ तिचं नाव. पेल्यावर भोकाभोकांचा चमचा आडवा ठेवायचा, त्यावर साखरेचा खडा, आणि वरून गार पाणी थेंबथेंब सोडायचं. साखर विरघळून खाली उतरली की हिरवी दारू दुधट व्हायची, मग कविता.

"म्हणजे झारा," मी म्हटलं.

"झारा काय आई! स्पून."

"भोकं आहेत ना? मग झाराच."

"बरं, झारा. आणि ती दारू असते कडूजार. आपला दवणा असतो ना, त्याच्याच जातीचं एक झाड, त्याच्यापासून करतात."

दवणा म्हटल्यावर मी हातातलं काम थांबवलं. माझ्या लग्नात माझ्या वेणीत अबोलीबरोबर दवणा होता. तो वास मला अजून ओळखता येतो. कडू आणि गोड एकत्र करून घ्यायचं म्हणाल तर आम्ही पाडव्याला कडुनिंब आणि गूळ खातोच. संक्रांतीला काळी साडी नेसून अंगावर साखरेचे दागिने घालतो. लोकांनी नावं ठेवली तरी मला तिच्या त्या कवींमध्ये फार परकं असं काही वाटलं नाही.

तिच्या या कामात माझा वाटा गाठवण्याचा. माझे वडील पटवेकरी. मराठवाड्यातल्या आमच्या गावी सराफाच्या दुकानाच्या पायरीवर बसून ते दागिने गाठवून द्यायचे: पोत, ठुशी, मोहनमाळ, जे येईल ते. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, ताणून धरायचा आणि मणी ओवत, गाठी मारत वर यायचं. त्यांना मुलगा नव्हता. मी शेजारी बसून बसून शिकले. लग्नात सोन्याच्या वाट्या सराफानं केल्या, पण काळे मणी वडिलांनी स्वतःच्या डब्यातले काढून दिले. जुन्या काचेचे, हातानं पैलू पाडलेले, एकासारखा दुसरा नाही. गळ्यात घातले की गार लागायचे, आणि उन्हात गेलं की त्यांच्यात आत कुठंतरी जांभळं दिसायचं. 'जपून वापर,' म्हणाले होते. 'असे पुन्हा मिळायचे नाहीत.'

लग्न करून मी कासारवाडीत आले. रेल्वे स्टेशनच्या मागे दोन खोल्या. नवरा एका कारखान्यात प्रेस शॉपला, तीन शिफ्टमध्ये काम. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. हात उगारला नाही, दारूला शिवला नाही, पगार घरात आणला. पण मी बाजारातल्या एका सराफाकडे गाठवायला बसते हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "घरात काही कमी आहे का? लोकांच्या गळ्यातलं गाठत बसायचं?" आवाजसुद्धा चढवला नाही. मी दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं. नंतर तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.

हात मात्र ऐकेनात. तेव्हा मी एक गोष्ट सुरू केली. ते दुसऱ्या शिफ्टला असले की दुपारी जेवून बाहेर पडायचे, ते रात्रीच परत. लेक शाळेत. त्या आठवड्यात रोज दुपारी मी दार लावून घ्यायची, गळ्यातलं मंगळसूत्र काढायची, उसवायची आणि पुन्हा गाठवायची. कधी दोन पदरी, कधी मध्ये सोन्याचा मणी सोडून, कधी वडील करायचे तशी अवघड गाठ. संध्याकाळपर्यंत पुन्हा जसं होतं तसं करून ठेवायचं. सवाष्णीचा गळा रिकामा राहू नये म्हणून मंगळसूत्र गाठवायला दिलं की तेवढा वेळ हळकुंड बांधलेला दोरा घालतात. मीही घालायची. एकदा त्यांनी माझ्या मानेवरचा पिवळा डाग बघून विचारलं, "हळद कसली?" मी म्हटलं, "शेजारी केळवण होतं." ते बरं म्हणाले आणि झोपले.

आठवड्यामागून आठवडे शिफ्ट फिरायची. पहिली आली की मी गप्प, तिसरी आली की मी दिवसभर पावलं न वाजवता घरात फिरायची, कारण ते झोपलेले. दुसरी आली की मला सण.

ते गेले तेव्हा लेक कॉलेजात होती. सकाळी दाढी करता करता आरशासमोरच बसले. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. दहाव्या दिवशी बायका जमल्या. एका म्हाताऱ्या चुलत सासूबाईंनी माझ्या गळ्यातल्या पोतीला हिसका दिला, दोरा तुटला आणि मणी सगळ्या खोलीभर उधळले. कपाटाखाली, उंबऱ्यापाशी, मोरीच्या तोंडाशी. मी गुडघ्यांवर बसले आणि वेचू लागले. एक एक करत, पदरात घेत. मोरीत गेलेला एक बोट घालून काढला. "अगं, राहू दे गं," म्हणत बायका रडायला लागल्या. लेक तर माझ्या पाठीवर पडून रडली. तो प्रसंग आमच्या नात्यात अजून सांगतात.

मणी नदीला द्यायचे ठरलं. लेकीला घेऊन मी इंद्रायणीच्या घाटावर गेले आणि पुरचुंडी पाण्यात सोडली. त्या पुरचुंडीत बाजारातले मणी होते. वडिलांचे मणी औषधाच्या एका रिकाम्या डबीत घालून मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवले होते. सोन्याच्या वाट्या मोडून लेकीला कानातलं केलं, त्याबद्दल सगळ्यांना माहिती होती. डबीबद्दल कुणालाच नाही.

नंतर आम्ही पिंपळे गुरवला राहायला आलो, लेक नोकरीला लागली, तिनं काळ्या चांदीचा खेळ मांडला आणि मी पुन्हा अंगठ्याला दोरा अडकवला. आमच्या कामाचे व्हिडिओ ती नेटवर टाकते, पण सुरुवातीला तिला त्या अंगठ्याची लाज वाटे. "आई, पाय दिसेल असा व्हिडिओ नको." मग एकदा चुकून पाय दिसलाच आणि लोकांना तोच आवडला. मला विचाराल तर माझे खरे सुखाचे दिवस ते. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

हिरव्या दारूवरून लेकीनं एक हार बेतला. गळ्यालगत काळे मणी, मधोमध काळ्या चांदीचा छोटा झारा, दोन्ही बाजूंना दवण्याचं एकेक पान आणि झाऱ्याखाली हिरव्या काचेचा थेंब, आत्ता पडेल असा. तिनं केलेल्यात तो सगळ्यात सुंदर. मी बाजारातले मणी ओवून बघितले. मणी मेलेले दिसत होते. लेक म्हणाली, "ठीक आहे की," आणि कंपनीच्या बसला गेली. मी कपाट उघडलं आणि हार डबीतल्या मण्यांत गाठवला. मणी कमी पडले म्हणून घेतले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. कमी पडले नव्हते. मला ते उजेडात बघायचे होते.

चिंचवडच्या एका प्रदर्शनात तो हार पहिल्याच दिवशी विकला गेला. घेणारी मुलगी चाकणच्या एका प्लांटमध्ये क्वालिटीला होती. शिफ्ट संपवून सरळ आलेली, पायात सेफ्टी शूज, अंगात काळा टीशर्ट. लेक प्रत्येक दागिन्याबरोबर एक छापील कार्ड देते. त्यावर तिनं माझीच गोष्ट घातली होती. बाबा गेले तेव्हा आईनं मंगळसूत्राचा मणी न मणी रडत वेचला, मग ते मणी नदीला दिले, आणि हे काळे दागिने त्या मण्यांच्या आठवणीतले आहेत, अशी. मी ती वाचली होती आणि काही बोलले नव्हते. मुलीनं कार्ड वाचलं, डोळे पुसले, मागे खुर्चीत बसलेल्या मला वाकून नमस्कार केला. माझ्या हातात अर्धा वडा होता.

पावसाळ्यात ती घरी आली. सोबत तिची आत्या. चाकणजवळच्या निघोज्याची जुनी शेतकरी बाई, नऊवारी, हातात मोठा मोबाइल. जमीन कंपन्यांना गेली, बंगला झाला, पण मागे दोन म्हशी अजून ठेवल्यात असं तिनं बसता बसताच सांगून टाकलं. मुलीनं पर्समधून हार काढला आणि एका कागदाच्या पुडीतून सोन्याच्या दोन वाट्या.

"काकू, माझं लग्न ठरलंय. या वाट्या यात बसवून द्याल? एक आमच्याकडची, एक त्याच्याकडची. मला मंगळसूत्र म्हणून हाच हार घालायचाय."

"आगं, झारा गळ्यात घालून बोहल्यावर हुबी ऱ्हाणार व्हय तू?" आत्या म्हणाली. "मांडवात बुंदी पाडायची हाय का?"

"आत्या, तो ॲबसिंथचा स्पून आहे."

"कशाचा?"

"दारूचा."

"आता गं बया! मंगळसूत्रात दारूचा चमचा!"

लेक मध्ये पडली. "आत्या, त्यात दारू नाही हो, कविता आहे."

"त्ये एकच. आमच्या धाकल्या दिराला बी पिल्यावरच कविता सुचत्यात."

सगळे हसले. मुलगीही हसली, पण तिनं हार सोडला नाही. मला म्हणाली, "काकू, मला हाच पाहिजे. तुम्ही एक एक मणी वेचलात ना, ते मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. तो पण गप्प झाला वाचून. तुमचं होतं तसं व्हावं आमचं."

मी हार आणि पुडी जवळ ओढली. "ठेवून जा," मी म्हटलं. "रविवारी ये."

तो आठवडा मी हार समोर ठेवून बसले. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचे मणी नवऱ्या मुलीच्या गळ्यात, तेही मंगळसूत्र म्हणून. मी शिकलेल्या लेकीची आई आहे, मण्यात काही नसतं हे मलाही कळतं. पण माझ्या मनात एक काटा होता, तो कुणाला दाखवलेला नव्हता. दर दुसऱ्या शिफ्टला मी मंगळसूत्र उतरवत होते. इतकी वर्षं, गंमत म्हणून. आरशासमोर ते खाली बसले तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं, की हे माझ्यामुळे. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, मी मान हलवली, पण काटा निघाला नाही. आणि आता तेच मणी ही पोर मागत होती, आमच्यासारखं व्हावं म्हणून.

सांगावं, तर लेकीच्या कामाची अब्रू जाते आणि तिच्या बापाचीही. न सांगावं, तर पोर फसते. मी पटवेकऱ्याची मुलगी, मला तिसरी वाट सुचली. मी मणी बदलले. बाजारात फिरून आकाराला आकार, काळ्याला काळा जुळवला, हार उसवला, नव्यानं गाठवला, वाट्या बसवल्या. वडिलांचे मणी परत डबीत. कुणी ओळखणार नाही याची मला खात्री होती, आणि मला कुणी काही विचारलंच नाही तर मी खोटं बोलले असंही होत नाही. त्या रात्री मला चांगली झोप लागली, याचंच आता नवल वाटतं.

रविवारी मुलीनं हार घातला, आरशात बघितलं, मानेवरून हात फिरवला.

"काकू, हा माझा नाहीये."

"का गं? झारा त्योच, पानं तीच," आत्या म्हणाली.

"मणी ते नाहीत. ते गार लागायचे, जड होते. प्लांटवर काही घालता येत नाही ना, तर घरी आले की मी रोज आधी हा घालायचे. हे हलके आहेत."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. "आई?"

मी उठले, कपाटातली डबी आणली आणि मुलीच्या हातावर उपडी केली. "तुझे मणी हे. म्हणजे माझे. माझ्या मंगळसूत्राचे."

"पण तू ते नदीत सोडलेस," लेक म्हणाली. "मी होते घाटावर."

"ते दुसरे होते."

आत्यानं मण्यांकडे नेलेला हात मागे घेतला. "म्हंजी पुरुस गेलेल्या बाईचं मणी आमच्या पोरीच्या गळ्यात? तुमास्नी कळत न्हाई व्हय, बाई?"

"कळतं. म्हणून तर बदलले."

पण मुलीचा चेहरा उजळला होता. तिनं मूठ मिटली. "हेच ते? तुम्ही वेचलेले? काकू, मग मला हेच पाहिजेत! आत्या, तू काही बोलू नको. एवढं प्रेम असलेले मणी कुठं मिळतात?"

इथं मला थांबता आलं असतं. आत्या चिडली असती, पोरगी हट्टानं मणी घेऊन गेली असती, आणि मी आणखी थोर झाले असते. पण तिची ती मिटलेली मूठ बघितली आणि मला राहवेना.

"बाळा, मी रडत नव्हते," मी म्हटलं.

कुणाला समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. सराफाची पायरी, दुसरी शिफ्ट, लावून घेतलेलं दार, हळकुंडाचा दोरा, शेजारचं केळवण. दोरा तुटला तेव्हा माझ्या मनात नवरा नव्हता, वडिलांचा डबा होता. एखादा मणी मोरीतून गेला तर परत मिळायचा नाही, एवढंच होतं. आणि मनातला तो काटाही सांगितला. बोलताना मी लेकीकडे बघितलं नाही. फरशीकडे बघत बोलले, अजून एखादा मणी राहिलाय की काय असं.

खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेतानाचं गाणं वाजत होतं.

"बाबा तुला आवडायचे नाहीत?" लेकीनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

मी विचार केला. आता खोटं बोलायचं नव्हतं, आणि उगीच कडूही बोलायचं नव्हतं. "आवडायचे," मी म्हटलं. "दुसऱ्या शिफ्टला असले की जास्त."

सगळ्यांत आधी आत्या फसकन हसली. पदर तोंडाला लावूनही हसू थांबेना. "आयो! ऱ्हावा, ऱ्हावा," ती डोळे पुसत म्हणाली. "बाई, खरं बोललीस. माझा मालक गेला तवा आंगणात समदी रडत हुती आणि माज्या डोसक्यात काय, तर म्हशीची धार ऱ्हायलीय. गोठ्यातनं वरडत हुती ती. म्या उठून धार काढाया गेले, तर लोक म्हनली, बिचारी येडी झाली. मी काय येडी न्हाई झाले, म्हशीची कास दुधानं तटली हुती. आन तुज्या मंगळसूत्रानं कोन मरतंय गं? तसं असतं तर रानात काम करताना आमची किती येळा तुटली, गावात एक बी पुरुस उरला नसता. माणूस त्याच्या वेळंला जातंय."

इतक्या वर्षांत मला हे असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मुलगी मात्र हसली नाही. तिनं मूठ उघडली होती आणि मण्यांकडे बघत होती. तिची एक सुंदर गोष्ट मी मोडली होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "मग वेचलेत कशाला?" तिनं विचारलं. "एवढं गुडघ्यांवर बसून?"

"चांगले होते म्हणून."

ती उठून गॅलरीत गेली. आभाळ उघडलं होतं. एक मणी चिमटीत धरून तिनं उजेडात फिरवला. आत आली ती म्हणाली, "आत जांभळं आहे."

"आहे," मी म्हटलं.

"वाट्यांना नवे मणी राहू देत, काकू. ते मंगळसूत्र. झारा, पानं, थेंब काढून या मण्यांत परत घाला. तो माझा हार. लग्नाबिग्नाचा काही संबंध नाही."

"ह्ये बरं झालं," आत्या म्हणाली. "झारा बोहल्यावरनं उतरला."

"आणि मंगळसूत्र तसंही लॉकरमध्येच राहणार आहे, आत्या. आमच्या लाईनवर कुणालाच घालू देत नाहीत."

"म्हंजी नवऱ्याचं लॉकरात आन दारूचं गळ्यात. कर बाई तुज्या मनासारखं."

त्यांच्यासमोरच मी खाली बसले, अंगठ्याला दोरा अडकवला आणि हार पुन्हा गाठवला. आत्या शेवटपर्यंत बघत होती. निघताना म्हणाली, माझी मोहनमाळ सैल झालीय, घेऊन येते.

लेक पुढचे काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. ते बरोबरच होतं. तिचा बाप होता तो, आणि पाठीवर पडून रडली होती तीच. ती गॅलरीत बसून चांदी काळी करायची आणि मी आतून वास घ्यायची. एका शनिवारी ती आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली, पाय पुढे केला आणि म्हणाली, "दोरा कसा अडकवायचा ते दाखव." मी दाखवलं. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली. मान वर न करता तिनं विचारलं, "आणि बाबा तिसऱ्या शिफ्टला असले की?"

"तेव्हा दिवसभर घोरायचे."

"ते मला आठवतं," ती म्हणाली आणि हसली. मग आम्ही बराच वेळ त्यांच्याबद्दल बोललो. ते कांदा कसा बुक्कीनं फोडायचे, बसमध्ये जागा धरायला डबा कसा आधी खिडकीतून टाकायचे. मी त्यांच्याबद्दल एवढं मोकळं कधी बोलले नव्हते. काही लपवायचं नसलं की माणूस बराच आवडतो, हे मला तेव्हा कळलं. कार्डावर आता वेगळा मजकूर आहे. मणी चांगले असतील तरच आई गाठवते, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं.

मुलीचं लग्न झालं. पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने आत्यानं माझ्याकडूनच करून घेतले. पांढऱ्याशुभ्र काटेरी हलव्याचं मंगळसूत्र, बाजूबंद, बिंदी. ते चढवायला दोघी आमच्याकडेच आल्या. मुलगी काळी चंद्रकळा नेसून बसली, अंगभर साखर, आणि त्या सगळ्यात तिनं गळ्यालगत आपला हारही घातला. लेकीनं ताटलीतला उरलेला हलव्याचा एक दाणा उचलून हळूच त्या काळ्या झाऱ्यावर ठेवला. खाली हिरवा थेंब. मग मान कलती करून ती बघत राहिली. तिच्या कवींचा पेला तिला दिसत असावा.

"मुंग्या लागतील गं," आत्या म्हणाली.

मुलीचा गळा बारीक, त्यामुळे काही मणी उरले. ते त्याच औषधाच्या डबीत आहेत. फक्त डबी आता साड्यांच्या मागे नसते, गॅलरीत दोऱ्यांच्या रिळांशेजारी असते. दुपारी जेवण झालं की मी तिथं बसते. चाकणकडच्या बसेस दुसऱ्या शिफ्टची माणसं घेऊन जातात तीच ही वेळ. ते उरलेले मणी मी कधी असे, कधी तसे ओवते, गळ्याशी धरून आरशात बघते, आणि पुन्हा उसवते. दार उघडंच असतं. हळकुंडाचा दोरा आता लागत नाही.